लोकसंख्या, लोकक्षय आणि लोकसंग्रह

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्ताविसावा श्लोक ज्याच्या कानी कधीच पडला नाही, असा हिंदू गृहस्थ विरळा. घरात मृत्यू घडला आणि दहा दिवसांत कोणी वडीलधारे समाचाराला आले, की ते बहुधा याच श्लोकाचा आधार घेतात. जन्म आणि मरण या एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत, एक आली की दुसरी येणारच. आणि जे टाळणे कोणाच्याच हाती नाही त्यासाठी शोक करीत बसू नये, असा त्याचा आशय. या वचनाने शतकानुशतके शोकाकुल घरांना धीर दिला आहे.

परंतु हेच वचन कधी कधी भलत्या ठिकाणी योजले जाते. भूकंपात, महापुरात वा वादळात हजारो माणसे दगावल्याची वार्ता येते आणि एखादा सुशिक्षित मनुष्य शांतपणे म्हणतो, "मेले त्याहून अधिक जीव तेवढ्या अवकाशात जन्मासही आले असतील. जगाला काय उणे पडले? उलट पृथ्वीचा भार थोडा हलका झाला." असे बोलताना आपण गीतेचेच तत्त्व सांगत आहोत, असे त्याला वाटत असते. हे बोलणे खरोखर गीतेला धरून आहे काय, याचा विचार प्रत्येक गृहस्थाने करणे अवश्य आहे. तो करताना आधी त्या मनुष्याचा हिशेब नीट मांडून पाहिला पाहिजे. कारण पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडल्यावाचून त्याचे खंडन करणे हा शास्त्राचा मार्ग नव्हे.

पूर्वपक्षाचा हिशेब

या विचाराला कावेरीच्या मुखाशी पसरलेला तंजावूर प्रांत फार उपयोगी पडतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तेथे भोसले कुळातील मराठी राजांची गादी होती. समर्थसंप्रदायाचे भीमस्वामी तेथेच मठ करून राहिले. बृहदीश्वराच्या प्रचंड मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र १८०३ साली मराठीत कोरविले गेले. त्या वेळी दुसरे सरफोजीराजे गादीवर होते. आता योग असा की, पृथ्वीवरील मनुष्यांची संख्या प्रथम शंभर कोटी झाली तीही याच सुमारास, म्हणजे १८०४ च्या आसपास, असे लोकसंख्याशास्त्रज्ञांचे अनुमान आहे. ती दोनशे कोटी होण्यास १९२७ साल उजाडले. १९६० मध्ये ती तीनशे कोटी झाली, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या गणनेप्रमाणे १५ नोव्हेंबर २०२२ रोजी आठशे कोटी झाली. मंदिराच्या भिंतीवरील ती अक्षरे अजून वाचता येतात. तेवढ्या काळात पृथ्वीवरील माणसे आठपट झाली आहेत.

याच प्रांताच्या किनाऱ्यावर नागपट्टणम् हे बंदर आहे. १९९१ पर्यंत ते तंजावूर जिल्ह्यातच मोडत असे. २६ डिसेंबर २००४ रोजी, रविवारी सकाळी, तेथे समुद्र गावात शिरला. सुमात्रा बेटाजवळ समुद्रतळाशी महाभूकंप होऊन तेव्हा सुमारे दोन तास लोटले होते. परंतु त्या दोन तासांत किनाऱ्यावरच्या कोळ्यांना कोणाकडूनही सूचना मिळाली नाही. जवळच वेलांकनी येथे नाताळच्या दुसऱ्या दिवशी यात्रेकरूंची गर्दी होती. एकट्या नागपट्टणम् जिल्ह्यात ६,०६५ माणसे मृत्यू पावल्याची नोंद झाली. हिंदी महासागराच्या सर्व किनाऱ्यांवर मिळून सुमारे २ लाख २७ हजार माणसे गेली.

आता दुसरी बाजू पाहू. त्या वर्षी जगातील जन्मांतून मृत्यू वजा केले असता लोकसंख्या सुमारे ८ कोटींनी वाढत होती. याचा अर्थ, दर दिवशी सुमारे २ लाख २० हजार माणसांची भर पडत होती. म्हणजे अवघ्या महासागराने जितकी माणसे नेली, तितकी जगाने जवळजवळ एका दिवसात भरून काढली. नागपट्टणम् जिल्ह्याची हानी भरून येण्यास तर सुमारे चाळीस मिनिटेच लागली. १९७० च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात जे चक्रीवादळ आले, त्यात निदान ३ लाख माणसे बुडाली असे मानतात. तीही संख्या त्या काळच्या दोन दिवसांच्या वाढीहून फारशी अधिक ठरत नाही.

हा हिशेब बरोबर आहे. त्यात चूक काढता येत नाही. परंतु त्यातून जे दोन निष्कर्ष काढले जातात, एक म्हणजे आपत्तीने पृथ्वीचा भार उतरतो, आणि दुसरा म्हणजे जन्माने मृत्यू भरून निघतो, ते दोन्ही तपासून पाहिले पाहिजेत.

आपत्तीने भार उतरतो काय?

पहिला निष्कर्ष तर त्याच हिशेबाने खोटा ठरतो. अलीकडच्या काळात जगात दरवर्षी सुमारे १३ कोटी जन्म आणि सुमारे ६ कोटी मृत्यू होतात. नैसर्गिक आपत्तींत मरणाऱ्यांची संख्या गेल्या काही दशकांची सरासरी धरता वर्षाला चाळीस ते पन्नास हजारांच्या घरात येते. म्हणजे हजार मृत्यूंत एकही धड आपत्तीच्या वाट्याला येत नाही. ज्याने भार तिळभरही हलत नाही, त्याला भारहरण कसे म्हणावे? भारताच्या शिरगणतीत लोकसंख्या घटलेले दशक एकच सापडते, १९११ ते १९२१. आणि ती घटही मुख्यतः १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने झाली. त्यानंतरच्या शिरगणतीपासून संख्या पुन्हा वाढतच गेली.

मग वाढीचा वेग कमी होतो तो कशाने? १९६० नंतरच्या दशकात जगाची लोकसंख्या वर्षाला शेकडा दोनहून अधिक वेगाने वाढत होती. आज तो वेग शेकडा एकाच्याही खाली आला आहे. ज्या तामिळनाडूत तंजावूर आहे, तेथे २०१९ ते २०२१ च्या कुटुंब-आरोग्य पाहणीप्रमाणे एका स्त्रीला सरासरी १.८ मुले होतात. पिढी जशीच्या तशी टिकण्यास २.१ लागतात. हे कोणत्याही वादळाने वा भूकंपाने घडविले नाही. मुली शाळेत जाऊ लागल्या, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली आणि झालेले मूल जगेल असा मातापित्यांना भरवसा आला, तेव्हा ते घडले. चार मुले जातील या भीतीने आठांना जन्म देण्याचे कारण उरले नाही. पृथ्वीचा भार खरोखर कमी करावयाचा असेल, तर त्याचा मार्ग जीव वाचविण्यातून जातो, हे आकड्यांवरूनच दिसते.

पुराणांतही पृथ्वी गायीचे रूप घेऊन ब्रह्मदेवाकडे गेली, ती माणसे फार झाली अशी तक्रार घेऊन गेली नव्हती. भागवताच्या दशमस्कंधाच्या आरंभी पाहिले तर उन्मत्त राजांच्या रूपाने वावरणारे दैत्य आणि त्यांच्या सेना यांचा भार तिला सोसवेना, असे वर्णन आहे. किनाऱ्यावर जाळी विणणारा कोळी, त्याची म्हातारी आई, वाळूत खेळणारे त्याचे मूल हे पृथ्वीचे भार कधीच नव्हते.

मृत्युदेवीचे अश्रू

माणसे फार झाली म्हणून मरण आले, अशी एक कथा मात्र महाभारतात खरोखरच आहे. ती शांतिपर्वात भीष्मांनी युधिष्ठिराला सांगितली आहे, आणि पूर्वपक्ष मांडणाऱ्याने ती अवश्य वाचावी. ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केली; प्राणी वाढत गेले; तिन्ही लोकांत श्वास घेण्यास जागा उरेना. उपाय सुचेना म्हणून पितामहांना क्रोध आला आणि त्या क्रोधाच्या अग्नीने चराचर जळू लागले. तेव्हा भगवान शंकर पुढे झाले आणि त्यांनी प्रजेसाठी दया मागितली. ब्रह्मदेवाने अग्नी आवरला. त्या वेळी त्याच्या देहातून एक स्त्री प्रकट झाली. तिचे नाव मृत्यू. प्राण्यांचा संहार कर, अशी तिला आज्ञा झाली.

ती स्त्री आनंदली नाही, रडू लागली. कोणाचा लाडका मुलगा, कोणाचा भाऊ, कोणाचे आईबाप आपण कसे न्यावेत, मागे राहिलेल्यांच्या आसवांची आपल्याला भीती वाटते, असे ती म्हणाली. आणि ते काम टाळावे म्हणून तिने अनंत वर्षे तप केले. तिचे अश्रू ब्रह्मदेवाने आपल्या ओंजळीत धरले. तेच पुढे रोग झाले आणि तिला प्रत्यक्ष हात न लावता प्राण्यांचा काळ येऊ लागला, अशी ही कथा आहे.

या कथेचे मर्म ध्यानी घेतले पाहिजे. लोकसंख्येचा हिशेब येथे स्वतः विधात्याने केला आहे. तो चुकला असेही कथा म्हणत नाही. तरीही तो हिशेब ऐकून शंकरांना दया आली आणि साक्षात् मृत्यूला रडू आले. ज्या हिशेबाने मृत्यूच्या डोळ्यांत पाणी आले, तोच हिशेब ऐकून एखादा गृहस्थ वर्तमानपत्र मिटून स्वस्थ जेवावयास बसत असेल, तर ती स्थितप्रज्ञता नव्हे. ते हृदयाचे जाड्य होय. आणि दोन्ही अवस्था बाहेरून सारख्या दिसतात म्हणूनच साधकाने येथे फार जपावे.

जन्माने मृत्यू भरून निघतो काय?

दुसऱ्या निष्कर्षाचे उत्तर नागपट्टणम् येथील मातांनी दिले आहे. त्या लाटेत लहान मुले फार गेली. ज्यांची सारीच मुले गेली अशा अनेक मातांनी पूर्वीच संततिनियमनाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. आपल्याला पुन्हा मूल व्हावे म्हणून त्या डॉक्टरांकडे गेल्या. आणि ती शस्त्रक्रिया उलटविण्याची विनामूल्य सोय तामिळनाडू सरकारने केली. ज्या राज्याने लहान कुटुंबाचा उपदेश इतकी वर्षे केला, त्याच राज्याने या मातांच्या बाबतीत आकड्यांचे धोरण बाजूला ठेवले, हे योग्यच झाले.

त्या दिवशी जगात लाखो बालके जन्मली होती; पण त्यांतील एकही त्या मातेच्या पाळण्यात आले नव्हते. तिला पुढे स्वतःचे दुसरे मूल झाले तरी पहिल्याचे नाव ती विसरली काय? कोणत्याही घरी विचारावे. नव्या बाळाने घर पुन्हा हसते होते; परंतु गेलेल्याची जागा गेलेल्याचीच राहते. रुपयाच्या बदली रुपया चालतो, पायलीभर तांदळाच्या बदली पायलीभर तांदूळ चालतात, कारण त्या वस्तूंना स्वतःचे निराळेपण नाही. माणसाच्या बदली माणूस चालत नाही.

गीतेचे मतही हेच आहे. पंधराव्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात प्रत्येक जीव हा भगवंतांचा सनातन अंश म्हटला आहे. भगवंतांचा अंश हे मोजमापाचे एकक नव्हे. आत्मा मरत नाही हे खरे. परंतु जो आत्मा अविनाशी म्हणून शोक करू नये असे म्हणावयाचे, तोच आत्मा संख्येने बदलता येण्याजोगा मानावयाचा, हा वदतोव्याघात होय. दुसऱ्या अध्यायाने दिलेला धीर जीवाच्या थोरवीवर उभा आहे. पूर्वपक्षाचा धीर जीवाच्या क्षुद्रतेवर उभा आहे. शब्द सारखे असले तरी या दोहोंत दिवस-रात्रीचे अंतर आहे.

अठराव्या अध्यायात ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. निरनिराळ्या भूतांत एकच अविभक्त तत्त्व पाहते ते सात्त्विक ज्ञान. सहा हजार मृतांच्या आकड्यात ज्याला सहा हजार वेळा तेच तत्त्व दिसेल, त्याचे ज्ञान सात्त्विक. सहाव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या श्लोकात तर परम योग्याचे लक्षणच असे दिले आहे की, तो दुसऱ्याचे सुखदुःख स्वतःच्या उपमेने मापतो. पूर्वपक्ष मांडणाऱ्याने एवढेच करून पाहावे: हिशेबातील एका आकड्याच्या जागी आपल्या घरातील एक नाव ठेवावे. मग तोच हिशेब तोंडातून निघतो काय, ते पाहावे.

अपरिहार्य कोणते, परिहार्य कोणते?

आता सत्ताविसाव्या श्लोकाकडे परत वळू. तेथे भगवंतांनी शोक निषिद्ध केला तो अपरिहार्य गोष्टीविषयी. या शब्दावरच सारा अर्थ अवलंबून आहे. मरण अपरिहार्य आहे. परंतु अमुक माणसाने आजच, याच लाटेत, सूचनेअभावी मरावे, हे अपरिहार्य आहे काय?

याचा पुरावा तंजावूरच्याच इतिहासात आहे. १८७६ ते १८७८ या काळात मद्रास इलाख्यात घोर दुष्काळ पडला. लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. १८७१ च्या शिरगणतीपेक्षा १८८१ च्या शिरगणतीत इलाख्याची लोकसंख्या कमी भरली. त्याच दहा वर्षांत तंजावूर जिल्ह्याची लोकसंख्या मात्र सुमारे १९ लाख ७४ हजारांवरून सुमारे २१ लाख ३० हजारांवर गेली. पाऊस सगळ्यांवरच रुसला होता. पण तंजावूरला कावेरीचे कालवे होते. परंपरेने करिकाल चोळ राजाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै बांध, आणि १८३६ च्या सुमारास ऑर्थर कॉटन यांनी कोल्लिडम् नदीवर घातलेला बंधारा, यांच्या बळावर तेथील भातशेती तगली. ज्यांनी ते बांध घातले त्यांनी मृत्यू नाहीसा केला नाही. पण लाखो माणसांचे अकाली मरण परिहार्य होते हे सिद्ध केले.

अलीकडची उदाहरणेही आहेत. १९९९ च्या ऑक्टोबरात ओरिसाच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच राज्यात ३ मे २०१९ रोजी 'फनी' नावाचे प्रचंड वादळ आले; त्या वेळी सुमारे बारा लाख लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविले होते, आणि मृतांची संख्या ६४ वर थांबली. तंजावूर प्रांतावर १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गाजा' वादळ वेदारण्यम्‌जवळून आत आले. पट्टुक्कोट्टै, ओरत्तनाडू या भागातील लक्षावधी माड उन्मळून पडले, शेतकऱ्यांचे जन्माचे उत्पन्न गेले. परंतु पाऊण लाखाहून अधिक माणसे आधीच निवाऱ्यात नेलेली असल्यामुळे मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. समुद्र तोच आणि किनाराही तोच. २००४ मध्ये सूचना देणारी जी यंत्रणा नव्हती, ती २००७ पासून हैदराबाद येथे अहोरात्र समुद्रावर लक्ष ठेवीत आहे.

अकराव्या अध्यायात भगवंतांनी आपले काळरूप दाखविले, हे खरे. पण ते दाखवून त्यांनी अर्जुनाला स्वस्थ बसावयास सांगितले नाही; उठून आपले कर्म करावयास सांगितले. काळ आपले काम करील, मनुष्याने आपले करावे. तिसऱ्या अध्यायात या कर्माला लोकसंग्रह असे नाव आहे. जे टाळता येत नाही ते धैर्याने सोसावे, आणि जे टाळता येते ते टाळण्यासाठी अंग झाडून कामाला लागावे, असे या दोन्ही उपदेशांचे एकत्र तात्पर्य आहे. परिहार्याला अपरिहार्य म्हणणे ही आळसाची भाषा होय. तिला वेदान्ताचे वस्त्र नेसवू नये.

गृहस्थाने काय करावे?

तंजावूरच्या राजांनी रामेश्वराच्या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे बांधली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच. १८०१ साली सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटास पत्र लिहून या छत्रांची व्यवस्था सांगितली आहे. कोणत्याही जातीच्या वाटसरूला तेथे अन्न मिळे; आजाऱ्याला वैद्य मिळे; पोरक्या मुलांचा सांभाळ होई; आणि वाटेत प्रसूत झालेल्या स्त्रीची शुश्रूषा होई. एकाच छपराखाली जन्मही होत होते आणि मरणेही होत होती. परंतु एकातून दुसरे वजा करण्याचा विचार तेथे कोणी करीत नव्हते. जन्मणाऱ्याला ऊब आणि मरणाऱ्याला पाणी, असा तेथील हिशेब होता. गृहस्थाने तोच हिशेब आपल्या घरी ठेवावा.

आपत्तीची वार्ता आली की प्रथम आपल्या उत्पन्नातील एक अंश बाजूला काढावा. नृयज्ञ हा गृहस्थाच्या पंचमहायज्ञांपैकी आहे. दाराशी आलेला अतिथी आणि दूरच्या गावी बेघर झालेला मनुष्य यांत धर्मदृष्ट्या भेद नाही. दुसरे असे की, आपल्या गावात पूर, वादळ वा भूकंप यांविषयी सूचना आली तर ती शेजारच्या अडाण्या, म्हाताऱ्या, एकट्या माणसापर्यंत स्वतः जाऊन पोचवावी. दोन तासांची सूचना किती जीवांच्या मोलाची असते, हे २००४ साली दिसलेच आहे. नदीपात्रात वा ओढ्याच्या मुखावर घर बांधू नये, बांधू देऊ नये. घर बांधताना भूकंपाचा विचार करून ते पक्के बांधावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेत दगडमातीच्या जड भिंतींखाली गाडली गेली, हे महाराष्ट्राने विसरू नये.

तिसरे कर्तव्य मृतांविषयीचे आहे. ज्यांचे मागे कोणी उरले नाही, अशांसाठीही आपल्या तर्पणविधीत ओंजळभर पाणी सांगितले आहे. आणि निपुत्रिक भीष्मांना तर भीष्माष्टमीला साऱ्या लोकांनी तर्पण करावे, अशी रूढी आहे. ज्या धर्माने अनोळखी मृतालाही मोजले आणि ओंजळ दिली, त्या धर्माच्या अनुयायाने हजारो मृतांना चाळीस मिनिटांच्या वाढीत विसरून जावे, हे त्याला शोभत नाही. पितृपक्षात तर्पण करताना त्या वर्षी आपत्तीत गेलेल्यांचे स्मरण करून एक ओंजळ अधिक सोडावी.

सारांश, जगात माणसे किती वाढली आणि किती गेली याचा हिशेब राज्यकर्त्यांनी आणि शास्त्रज्ञांनी अवश्य ठेवावा. अन्न, पाणी, निवारा यांची व्यवस्था त्यावाचून होत नाही. परंतु कोणाच्या शोकाच्या उत्तरी तो हिशेब पुढे करू नये, आणि आपल्या निष्क्रियतेच्या समर्थनार्थ तर मुळीच नाही. सर्व भूतांच्या हृदयात वसणारा ईश्वर गृहस्थांना अशी बुद्धी देवो की, आकडा ऐकताच त्यांना माणूस दिसावा, आणि माणूस दिसताच त्यांचा हात पुढे व्हावा.